मायले अनुराधापूर दाखवायचं आहे, टूरवाला अर्धा दिवस म्हणते, तेवढ्यात होते का?

वैनगंगाकाठ
जय भीम मंडळी. आमचं गाव पवनीच्या बाजूले. मायले श्रीलंकेतलं अनुराधापूर दाखवायचं आहे, वय सत्तरच्या वर, गुडघे बरे नाईत पण हळूहळू चालते. वर्षावासात विहारात भंतेजीनं संघमित्रेची गोष्ट सांगितली, का सम्राट अशोकाची पोरगी बोधगयेच्या बोधीवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली अन् ते झाड अजून उभं आहे, तवापासून मायच्या डोक्यात तेच. बोधगया, सारनाथ, कुशीनगर तिचं विहारातल्या बायांसंगं झालं आहे. आता म्हणते ते एक झाड दाखव, मंग मी कुठंच चल म्हणत नाई.

एका टूरवाल्याले विचारलं त त्याचा कार्यक्रम असा का कॅन्डीतला बुद्धाचा दंतधातू, नुवारा एलियाचे चहामळे, बेंटोटाचा समुद्र, अन् अनुराधापूर मधातच कुठंतरी, सकाळी सिगिरियाचा खडक चढून दुपारी बारा ते चार. म्हणलं बाबा आमाले चहाचे मळे नाई पाहाचे, माय काई सिगिरिया चढत नाई, त म्हणते पॅकेज फिक्स आहे. दुसरा एक जण म्हणते श्रीलंका सोडा, बर्मातलं बागान करा, तिथं जिकडे पाहाल तिकडे मंदिरंच मंदिरं. आता मले कायचंच माहीत नाई, विमानात पण कधी बसलो नाई. अर्ध्या दिवसात होते का, आपल्या आपण गेलं त जमते का, म्हाताऱ्या माणसाले झेपते का, जेवणाचं काय, जे कोणी जाऊन आले त्यायनं सांगा.

लाखांदूरची_मास्तरीण
जय भीम भाऊ. दुपारी बारा ते चार हे वाचूनच माझे तळपाय पोळले. तिथं प्रत्येक स्तूपाच्या आवाराच्या बाहेर चप्पल काढावी लागते अन् आवार म्हणजे नुसती फरशी, सावलीचं नाव नाही. आमच्या विहारातल्या बाया घेऊन आम्ही गेलो होतो, गाडीवाल्यानं पहिल्याच दिवशी भर दुपारी नेऊन सोडलं तर दोघीजणी फरशीवरून अक्षरशः पळत सुटल्या. मोजे घालून चालते, कोणी काही म्हणत नाही, म्हणून आईसाठी जाड सुती मोज्यांचे दोन जोड ठेवा. आणि पांढरं लुगडं. तिथले उपासक-उपासिका सगळे पांढऱ्यात असतात, आपल्या बाया पण पांढऱ्यात होत्या तर लोकांनी आपणहून वाट करून दिली, कुठून आले विचारलं, एका आजीनं आमच्या हातात कमळं दिली.

आता अर्ध्या दिवसाचं. भाऊ, ती काही एका आवारातली जागा नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकापासून अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं राजधानी होती, चोलांनी मोडेपर्यंत, म्हणजे हजार वर्षांच्या वर. अवशेष पार लांबलांब पसरलेले आहेत, पायी होतच नाही. थ्री-व्हीलर दिवसभरासाठी ठरवून घ्या. पण महाबोधी, म्हणजे ते झाड, तिथून रुवनवेली स्तूप हा रस्ता मात्र पायीच आहे, साधारण एक किलोमीटर, मधात लोहप्रासादाचे, म्हणजे भिक्खूंच्या जुन्या विहाराचे, दगडी खांब लागतात, सोळाशे आहेत म्हणतात. तिथं आईला बसवून बसवून न्या, घाई नको.

झाडाबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण आमच्यातल्या अर्ध्या बाया चुकीच्या झाडाला हात जोडून परत निघाल्या होत्या. आवारात पिंपळ खूप आहेत, मोठे मोठे. खरं झाड सगळ्यात वरच्या ओट्यावर, सोनेरी कठड्याच्या आत, अन् ते दिसायला मोठं नाही, फांद्यांना खालून सोनेरी टेकू दिलेले आहेत. ते टेकू शोधा म्हणजे सापडेल. हात लावता येत नाही, जवळही जाता येत नाही. आत जाताना तपासणी होते, १९८५ मध्ये तिथं हल्ला होऊन भाविक मारले गेले होते.

आणि भाषेची अजिबात काळजी करू नका. आमच्यातल्या कोणाला इंग्रजी येत नव्हतं. संध्याकाळी तिथं लोक बसून वंदना म्हणत होते, चाल वेगळी, उच्चार थोडे वेगळे, पण नमो तस्स भगवतो म्हटलं की आमच्या बाया लागल्याच मागून. त्रिसरण, पंचशील सगळं पालीतच ना. शेवटी साधु साधु साधु म्हणताना तर कोण कुठलं काही कळत नव्हतं. हे दुपारी बाराच्या उन्हात गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्याच्या नशिबी नाही. पहाटे एकदा अन् संध्याकाळी एकदा, एवढं तरी झालंच पाहिजे, म्हणजे मुक्काम तिथंच करा, कमीत कमी दोन रात्री.

विटभट्टी_भंडारा
मी तिथं गेलो त झाड पाह्यलं, पाया पडलो, अन् मंग दिवसभर विटा पाहात फिरलो, पोट्टे हासत होते माह्यावर. धंदाच तो आहे त काय करता. जेतवन स्तूप म्हणून आहे, राजा महासेनानं तिसऱ्या शतकाच्या शेवटाले सुरू केलेला, अंदाजे ९ कोटी ३३ लाख विटा लागल्या म्हणतात. आता वरचा भाग पडला तरी ७१ मीटर उभा आहे, बांधला तेव्हा १२२ मीटर होता, त्या काळात इजिप्तचे दोन पिरॅमिड सोडले त त्याच्यापेक्षा उंच जगात काईच नव्हतं. माही भट्टी दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत रात्रंदिवस चालवली तरी माह्या सात पिढ्यायले पुरंल एवढं काम आहे ते. अन् पूर्ण विटाचा डोंगर, आतून पोकळ नाई बरं का. गवत निघालेलं, जागोजागी डागडुजी चालू असते, पांढरा रंग नाई म्हणून टूरवाले तिथं थांबतच नाईत. रुवनवेली पांढरी शुभ्र दिसते म्हणून तिथं गर्दी.

रुवनवेलीचं पण एक सांगतो. महावंस म्हणून श्रीलंकेचा जुना इतिहासग्रंथ आहे, त्यात लिहिलं आहे का दुट्ठगामणी राजानं पाया भरताना गोटे आणून हातोड्यानं फोडले अन् वरून हत्ती चालवले, हत्तीच्या पायाले चामडं बांधून. आजचा रोलर तोच. अन् मजुरी दिल्याबिगर कोणापासून काम करून घ्याचं नाई असा त्याचा हुकूम होता, हे मले जास्त आवडलं, सांगाले हरकत नाई का आजचे किती ठेकेदार तसं करते. राजा बिचारा काम पूर्ण होण्याआधीच आजारी पडला, त त्याच्या भावानं अर्धवट स्तूपावर पांढरं कापड लावून दाखवलं का दादा हे पाहा, झालं पूर्ण. पालखीत निजून त्यानं पाह्यलं म्हणतात. नंतर मधल्या काळात जंगल वाढून टेकडी झाली होती, आताचा कळस १९४० चा आहे.

पहिले_घरचं_पाहा
माफ करा पण माझं मत वेगळं आहे. सगळ्यायले परदेश पायजे. स्वतः पवनीवाले आहेत हे भाऊ, पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर काय निघालं माहीत आहे का? १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ अन् पुरातत्त्व खात्यानं खोदलं, मोठमोठे स्तूप निघाले, सांचीच्या तोडीचे, बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प निघालं नावासकट. त्याले कोण जाते पाहायले? गावातले पोट्टे तिथं पत्ते खेळते.

अन् जुनं बौद्ध नगरच पाहाचं असल त छत्तीसगडमधलं सिरपूर आहे ना, महानदीच्या काठावर. भंडाऱ्यावरून रायपूरची गाडी पकडा, तिथून गाडीनं दोन तासाच्या आत सिरपूर. आनंदप्रभ कुटी विहार, स्वस्तिक विहार, तीवरदेव विहार, भूमिस्पर्श मुद्रेतली बुद्धमूर्ती, सातव्या शतकातलं विटाचं लक्ष्मण मंदिर, एकाच नगरात सगळे पंथ शेजारी शेजारी. १९५० च्या दशकात तिथं खोदणारे डॉ. मोरेश्वर दीक्षित आपलेच मराठी माणूस. ना पासपोर्ट, ना विमान, ना डॉलर. मायचे गुडघे दुखते अन् तुम्ही समुद्रापार घेऊन चालले.

वैनगंगाकाठ
दादा तुमचा राग समजते. जगन्नाथ टेकडी आमच्या रोजच्या रस्त्यावर आहे, मायनं मले लहानपणी तिथंच बसून सांगितलं होतं का हे आपलं आहे म्हणून. सिरपूर नक्की करीन. पण मायले विटा नाई पाहाच्या, तिले झाड पाहाचं आहे. सिरपूरले ते झाड नाई ना. अन् मास्तरीण ताई, तुमचं लिहिलेलं मायले मोठ्यानं वाचून दाखवलं, टेकूवाली गोष्ट तिनं दोनदा वाचाले लावली. बागानबद्दल कोणी सांगाल का?

साधक_वरोरा
बागान आत्ता मायले घेऊन नको. मी बर्माले गेलो होतो विपश्यनेच्या निमित्तानं, तिकडचं वातावरण ठीक होतं तेव्हा. जागा अप्रतिम आहे यात वादच नाही, इरावदीच्या काठावर सपाट माळ अन् त्यावर २ हजारांच्या वर मंदिरं अन् पगोडे, अनव्रथ राजा १०४४ मध्ये गादीवर आला तिथून पुढे दोनअडीचशे वर्षांत बांधलेले. आनंद मंदिर बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आजही पूजेत आहे. आपल्या बोधगयेच्या मंदिराची एक छोटी प्रतिकृती पण आहे तिथं, तेराव्या शतकातली. पण फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापासून देशात मारामाऱ्या चालू आहेत, मार्च २०२५ मध्ये सगाईंगकडे एवढा मोठा भूकंप झाला, काही बिघडलं तर दवाखाना कुठं शोधणार. बागानमध्ये आवारं पण खूप, प्रत्येक ठिकाणी चप्पल काढा घाला, लांबलांब, लोक इलेक्ट्रिक स्कूटरवर फिरतात. एका झाडासाठी जाणाऱ्या माणसाची ती जागा नाही. श्रीलंकाच बरोबर आहे, बाबासाहेब पण १९५० मध्ये कॅन्डीला बौद्ध परिषदेला गेलेच होते.

धानवाला_साकोली
मी जरा उशिरा आलो, रोवणीत होतो. सगळ्यायनं स्तूप सांगितले, झाड सांगितलं, पण त्या गावाचं पाणी कोणीच नाई सांगितलं गा. मले त तिथं उतरल्या उतरल्या वाटलं का आपल्याच झाडीपट्टीत आलो. चहूकडे धान, बांध्या, अन् तलाव. तिकडे तलावाले वेवा म्हणते. अभयवेवा, तिस्सावेवा, नुवरवेवा असे तीन तलाव त शहराच्या अंगालेच लागून आहेत, अभयवेवा ख्रिस्ताच्या आधी चवथ्या शतकातला म्हणते, म्हणजे शहर अन् तलाव संगंच जन्मले. त्या भागात पाऊस कमी, आपल्या जून-जुलैचा पाऊस तिकडे पोचतच नाई, त्याह्यचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी. बाकी महिने कोरडे. मंग एवढे हजारो भिक्खू राहात होते, एवढे मजूर, एवढे हत्ती, त्याह्यले भात कुठून आला? तलावातून आला. मी त म्हणतो तलाव नसते त स्तूपाची एक वीट चढली नसती.

आपल्या इकडचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कसे, वरच्या तलावाचा सांडवा खालच्यात, खालच्याचा त्याच्याही खालच्यात, तसंच तिकडे पण साखळीनं आहेत. आपला नवेगावबांध कोलू पाटील कोहळीनं बांधला असं जुने लोक सांगते, तिकडे राजायच्या नावानं आहेत, एवढाच फरक. आपल्याकडे पाळीतून पाणी काढाले तुडुम असते, त्याह्यच्याकडे पाळीच्या आतल्या बाजूले चौकोनी विहिरीसारखं दगडविटाचं बांधकाम असते, बिसोकोटुव म्हणते, त्यात पाण्याचा जोर कमी होते अन् पाळ फुटत नाई. दोन हजार वर्षांआधी हे जमवलं होतं, इंग्रज इंजिनेर पाहून चाट पडले. अन् पाचव्या शतकात धातुसेन राजानं कलावेवा बांधला, तिथून अनुराधापूरच्या तिस्सावेव्यात पाणी आणाले ८७ किलोमीटरचा पाट काढला, सुरुवातीच्या पंचवीसेक किलोमीटरात उतार किती, त एका किलोमीटरमागं दहा सेंटीमीटर! मले माह्या बांधीत चिखलनी करून पाणी सारखं बसवताना दम लागते, हे त बिनमशीनचं. तो पाट अजून चालू आहे.

मंग मले रागच आला, खोटं नाई सांगत. आपले मामा तलाव गाळानं भरले, पाळीवर बेशरम वाढली, अर्धे अतिक्रमणात गेले, अन् तिकडे तेवढ्या जुन्या तलावाच्या पाळीवर संध्याकाळी पोरं सायकल चालवते अन् खाली त्याच पाण्यावर धान निसवते. भाऊ, मायले तिस्सावेवाच्या पाळीवर संध्याकाळी नक्की न्याजो. गार वारा असते, बसाले जागा आहे, पाळीवरून स्तूप दिसते. चालायचं काम नाई, थ्री-व्हीलर वरपर्यंत जाते.

विटभट्टी_भंडारा
धानवाले भाऊ तुमचं खरं आहे पण बिनमशीन म्हणून बिनहिशोबी नव्हतं ते, लेव्हल काढाले काईतरी त साधन असनच त्याह्यच्यापाशी. बाकी चिखलनीचं पटलं 😄

पहिले_घरचं_पाहा
तलावाचं वाचून बरं वाटलं. मी म्हणतो तेच आहे, तिकडच्यायनं सांभाळलं, आपण नाई सांभाळलं. जा भाऊ, पण वापस आल्यावर जगन्नाथ टेकडीवर झाडू घेऊन या एक दिवस.

कागदपत्रवाला
प्रवासाचं कोरडं कोरडं मी सांगतो. आईचा पासपोर्ट आहे का? नसल तर आधी आधार, मतदार कार्ड, रेशन कार्ड सगळीकडे नाव अन् जन्मतारीख एकसारखी आहे का पाहा, आपल्या खेड्यातल्या बायांचं माहेरचं नाव एकीकडे अन् सासरचं दुसरीकडे असते, तिथंच महिने जातात. अर्ज त्यानंतरच करा. श्रीलंकेसाठी ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, ऑनलाइन काढावं लागते, ते फक्त सरकारी साइटवरूनच काढा, सारख्या दिसणाऱ्या खाजगी साइटा जास्तीचे पैसे घेतात. फी अन् नियम मधामधात बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा पाहा. अनुराधापूरच्या अवशेषांना परदेशी लोकांसाठी वेगळं तिकीट आहे, डॉलरमध्ये, पासपोर्ट दाखवून सार्क देशांची सवलत मागा, नाही मागितली तर कोणी आपणहून देत नाही.

रस्ता: नागपूरवरून चेन्नई रेल्वेनं, चेन्नईवरून कोलंबो विमान, तासा-सव्वा तासाचं. विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेकडे नेगोंबोच्या बाजूला आहे, म्हणून उतरून शहरात घुसूच नका, तिथूनच गाडी करून सरळ अनुराधापूर, चारेक तास. पहिल्या रात्री विमान उशिरा असेल तर नेगोंबोला झोपा. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, फुकट असते, आई नाही नाही म्हणेल तरी मागा, लांब चालावं लागते. नागपट्टिनमवरून जाफनाकडे बोट पण सुरू झाली आहे पण हवामान खराब असलं की रद्द होते, म्हाताऱ्या माणसाला त्या भानगडीत पाडू नका.

वैनगंगाकाठ
बाप्पा एवढं कोणी सांगन वाटलं नव्हतं. पासपोर्ट नाई मायचा, अन् आधारवर जन्मतारीख एक जानेवारी आहे, सगळ्यायची असते तशी 😅 ते पाहातो आधी. दोन गोष्टी राह्यल्या. पोसन पौर्णिमा म्हणून जूनमध्ये मोठा उत्सव असते म्हणे, तेव्हा गेलं त कसं? अन् माय पौर्णिमेले अन् अष्टमीले मांस-मच्छी खात नाई, प्रवासात त अजिबातच नाई, तिचं कसं करावं?

लाखांदूरची_मास्तरीण
पोसनला नका नेऊ भाऊ. सम्राट अशोकाचे पुत्र महेंद्र थेर श्रीलंकेत आले अन् देवानंपिय तिस्स राजाला मिहिंतलेच्या डोंगरावर भेटले तो दिवस म्हणून साजरा होतो, लाखो लोक येतात, आपल्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जशी गर्दी तशीच. रस्त्यारस्त्यावर दानाचं फुकट जेवण, रोषणाई, सगळं सुंदर, पण तुम्ही धडधाकट असाल तर. गुडघेवाल्या माणसाला झाडाच्या ओट्यापर्यंत पोचायलाच दिवस जाईल. त्यांचा पाऊस संपल्यावर जा, फेब्रुवारी चांगला. पौर्णिमा धरून गेलात तर गर्दी असते पण पोसनएवढी नाही, अन् वंदनेला मजा येते.

मिहिंतले मात्र सोडू नका, तेराच किलोमीटरवर आहे. १८४० पायऱ्या आहेत म्हणून घाबरू नका, गाडीचा रस्ता अर्ध्याच्या वरपर्यंत जातो, तिथून अंबस्थलपर्यंत, म्हणजे ती भेट झाली म्हणतात त्या जागेपर्यंत, थोड्याच पायऱ्या राहतात. तिथं आईला सावलीत बसवा अन् वरचा शिलाखंड तुम्ही एकटे चढून या, तो खडा आहे, कठडा धरून चढावं लागते. पाणी अन् पिशव्या सांभाळा, माकडं लय हुशार.

जेवणात भात अन् भाज्या सगळीकडे मिळतात, परिप्पू म्हणजे आपलं मसुरीचं वरण नारळाच्या दुधातलं, आईला आवडेल. पोल संबोल म्हणून ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी देतात, तिच्यात बरेचदा सुक्या मासोळीचा चुरा असतो, उंबलकड म्हणतात त्याला. बसल्याबरोबर उंबलकड नको म्हणून सांगायचं, समजते त्यांना. डाळ-भाज्यांत पण टाकतात कधीकधी, म्हणून प्रत्येक ताटाला विचारा. तिखट आपल्यापेक्षा कमी नाही, पण आपल्याकडचं सावजी खाणाऱ्याला काही होत नाही.

अन् बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथं ते फार मनावर घेतात. ध्यानस्थ बुद्धाची समाधी मूर्ती आहे, तिच्यापाशी तर पहारेकरी लगेच हटकतो.

वैनगंगाकाठ
ठरलं ताई. टूरवाल्याले फोन करून नाई सांगून टाकलं, त म्हणे तुमाले जमणार नाई एकटं. पाहू. पुढच्या फेब्रुवारीच्या पौर्णिमेच्या आसपास, मी, माय अन् माही मावशी, तिघं पक्के. पासपोर्टचं काम आधारपासून सुरू करतो. मोठी गाडी केली त खर्च वाटून होईल, तिकडे कोणी येणार असल त सांगा, पण चहामळे नाई पाहाचे हे पहिलेच सांगतो.

धानवाला_साकोली
उन्हाळी धान या वर्षी पाणी नाई म्हणून लावत नाई, त फेब्रुवारीत मी रिकामाच. माही बायको अन् मी, दोन जागा धरून ठेवा. फक्त एक अट, कलावेवा वाटेत करावा लागन, तो पाट कुठून निघते ते पाहाचं राह्यलं माहं.